नोव्हाच्या बॉनेटखाली काय: जुनं ३५० की ट्रकचं ५.३?

डेट्रॉइटच्या उपनगरांत राहणारी आपली बरीचशी मंडळी आठवडाभर गाड्यांचंच काम करतात, आणि तरी त्यांतल्या काहींना शनिवार उजाडला की हात काळे करायला पुन्हा गाडीच लागते. अशांपैकी कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात मला एकच प्रश्न विचारतो. १९६८ ते ७२ च्या दरम्यानची शेव्हर्लेची नोव्हा घेतली आहे, किंवा पहिल्या पिढीची कॅमारो. आत ३५०, म्हणजे ३५० घनइंचांचं जुनं व्ही-८ इंजिन, आहे आणि ते निळा धूर टाकतंय. तेच उतरवून पुन्हा बांधावं, की काढून त्या जागी एखाद्या सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं नवं व्ही-८ बसवावं? गणपतीच्या पंगतीत हा विषय निघाला की शेजारी बसलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

माझ्या १९६९ च्या नोव्हात मी दोन्ही चालवली आहेत. आधी ३५० होतं, आता ५.३ आहे. म्हणजे कल कुठे आहे ते लपवण्यात अर्थ नाही. पण ३५० ला नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. काही बाबतींत अजूनही मला तेच बरं वाटतं, आणि तुमची परिस्थिती माझ्यासारखी नसेल तर तुमचा निर्णय उलटाही लागू शकतो.

एक अपवाद आधीच बाजूला काढतो. इंजिनच्या पुढच्या अंगाला, पॅसेंजरच्या बाजूच्या हेडसमोर (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण) एक सपाट पट्टी असते. तिच्यावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या व्हीआयएनशी, म्हणजे कारखान्याने दिलेल्या ओळख क्रमांकाशी, जुळत असेल आणि गाडी खरोखरची एसएस, म्हणजे सुपर स्पोर्ट, असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. ते इंजिन नीट गुंडाळून कोपऱ्यात ठेवा, गाडीला नवीन भोकं पाडू नका, आणि ड्रॅग शर्यतीसाठी दुसरी एखादी साधी नोव्हा शोधा. बहुतेकांच्या गाडीत मात्र कुठल्या तरी पिकअपमधून आलेलं, तीनदा रंगवलेलं ३५० असतं. त्याचा मोह धरण्यासारखं काही नसतं.

ताकदीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. माझं ३५० साधंच होतं: जरा तिखट कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), ॲल्युमिनियमचा इनटेक, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, हेडर्स (एक्झॉस्टच्या मोकळ्या नळ्या). त्यावर गाडी पाव मैलाला तेरा सेकंदांच्या मधल्या घरात असायची. ५.३ मध्ये कॅम आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलल्या, बाकी आतलं काही उघडलं नाही, आणि आकडा साडेबाराच्या आसपास आला. मागचा ॲक्सल तोच, टायर तेच, ड्रायव्हरही तोच, वजनाने थोडा वाढलेला. चांगली हेड्स घातली असती तर ३५० नेही तेच करून दाखवलं असतं. फरक इतकाच, की ५.३ सारख्या एलएस जातीच्या इंजिनाला ती हेड्स कारखान्यातूनच मिळालेली असतात आणि ३५० ला विकत घ्यावी लागतात. त्यापलीकडे वेगाच्या मागे लागू नका असं मी तरी म्हणेन. ११.४९ च्या आत गेलात की एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे रोल बार लागतो, आणि मागच्या सीटवर मुलांना बसवून आइस्क्रीम खायला न्यायच्या गाडीत डोक्याजवळ लोखंडी नळी मला नको होती.

शिवाय आपण हौशी लोक जी ब्रॅकेट शर्यत खेळतो तिच्यात वेगवान गाडी जिंकतेच असं नाही. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यती पाहिलेल्यांना हा प्रकार सुरुवातीला विचित्र वाटतो. आपली गाडी किती सेकंदांत जाईल तो आकडा काचेवर पांढऱ्या शू पॉलिशने आपणच लिहायचा. हळू गाडीला दिवा आधी हिरवा होतो, वेगवान गाडी मागून सुटते. लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी वेळात पोचलात तर ब्रेकआउट, म्हणजे बहुतेक वेळा हार. इथे वेगापेक्षा महत्त्व आहे ते दर खेपेला गाडीने तंतोतंत तसंच वागण्याला. आणि या बाबतीत, कबूल करायला हवं, कार्ब्युरेटरवालं ३५० फार गुणी होतं. त्याला स्वतःचं डोकं नाही. हवा गरम आणि दमट झाली की गाडी किती शतांश हळू होते हे वहीत टिपून ठेवलं, की दुपारपर्यंत अंदाज चुकत नसे. ५.३ चा संगणक हवा स्वतः मोजतो, पेट्रोल स्वतः ठरवतो, पण पाणी किंवा आत येणारी हवा जास्त तापली की न विचारता स्पार्कही मागे घेतो. दर फेरीला इंजिनचं तापमान सारखं ठेवलं तर तोही एकसारखा धावतो. ठेवलं नाही तर शतांशांचा घोळ होतो. तेव्हा फक्त ब्रॅकेट शर्यतीचाच विचार असेल तर ३५० चं पारडं माझ्या मते किंचित जड आहे.

दुसरा गुण म्हणजे ट्रॅकवरची माणसं. एड कोल यांच्या हाताखाली तयार होऊन १९५५ च्या शेव्हर्लेत आलेल्या या छोट्या व्ही-८ ची रचना इतकी पसरली आहे की शेजारच्या गाडीवाल्याच्या डब्यात तुम्हाला हवा तो जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक तोंड), हवी ती गॅस्केट सापडतेच. काही बिघडलं तर एक पेचकस आणि अर्ध्या इंचाचा पाना घेऊन दोन म्हातारे आपणहून येतात, एक डिस्ट्रिब्युटर धरतो, दुसरा टायमिंग लाइट, आणि आपण नुसतं उभं राहायचं. ५.३ बंद पडलं तर तेच म्हातारे सहानुभूतीने मान हलवतात आणि खुर्चीत परत जाऊन बसतात. माझ्यासारखा माणूस, जो कंपनीत दिवसभर लॅपटॉपवर कॅलिब्रेशनच्या तक्त्यांकडे बघतो, त्याला गॅरेजमध्येही लॅपटॉप उघडायचा म्हणजे नको वाटतं. हे मी आजही म्हणतो.

३५० ची ठरलेली दुखणी आहेतच. १९८६ च्या आधीच्या ब्लॉकचं मागचं मेन सील दोन तुकड्यांचं, त्यामुळे जमिनीवर तेलाचा एखादा थेंब धरूनच चालायचं. जुन्या पद्धतीचा फ्लॅट टॅपेट कॅम असेल तर आजच्या तेलात पूर्वीइतकं झिंक नसतं, तेव्हा तेल निवडून घ्यायचं आणि नवा कॅम पहिल्या वीस-तीस मिनिटांत इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर फिरवत ठेवून जपायचा. हे सगळं सवयीचं होतं. कुणीही यावरून इंजिन बदलत नाही.

मला जे खटकलं ते होतं कार्ब्युरेटरमधलं वाटीभर पेट्रोल.

ती वाटी, म्हणजे फ्लोट बाऊल, हवेला उघडीच असते. असावीच लागते, कारण आतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब नसेल तर ते जेटमधून वर चढणारच नाही. म्हणून वर व्हेंटच्या नळ्या. इंजिन चालू असताना कळत नाही: टाकीतलं गार पेट्रोल सतत येत असतं, आणि जी काय वाफ होईल ती एअर क्लीनरमधून इंजिनच ओढून घेतं. किल्ली फिरवून बंद केलं की खरी करामत सुरू होते. पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, हेड्समध्ये साठलेली उष्णता वर चढते. त्यातून जुन्या इनटेकमध्ये कार्ब्युरेटरच्या बरोबर खालून एक्झॉस्टची एक आडवी वाट काढलेली असते, थंडीत कार्ब्युरेटर लवकर तापावा म्हणून. मिशिगनच्या जानेवारीत ती सोय होती. ऑगस्टमध्ये ती चूल आहे. पेट्रोलातले सगळ्यात हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, आणि पंपावरच्या साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने वाफ होण्याची घाई आणखी वाढते. भारतात आता वीस टक्क्यांवर चर्चा रंगलेली असते; जुनी यझदी किंवा पद्मिनी जपणाऱ्या पुण्यातल्या मित्रांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

बाऊलमधलं पेट्रोल उकळलं की दोन वाटांनी जातं. थोडं खाली इनटेकमध्ये टपकतं, बाकीचं व्हेंटमधून वर.

खाली टपकणाऱ्याचा त्रास ट्रॅकवर. रांगेत इंजिन बंद करून गाडी हाताने पुढे ढकलत न्यायची, आपली पाळी आली की स्टार्टर मारायचा. उन्हात पंधरा मिनिटं उभी राहिलेली गाडी अशा वेळी पटकन पकडत नाही. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, स्टार्टर फिरवत राहायचं, मग काळा धूर सोडून इंजिन एकदाचं जागं होतं आणि मागच्या रांगेतले लोक डोळे चोळतात. वुडवर्डच्या क्रूझला तर विचारू नका. १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत हजारो जुन्या गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, आणि त्यांतल्या कार्ब्युरेटरवाल्या किती जणांनी बॉनेट उघडून कडेला उभं राहावं लागतं ते एकदा चालत जाऊन बघा. पण हे सगळं मी सहन केलं असतं. सगळेच करतात. त्यातही एक भाईचारा आहे.

वर जाणाऱ्या वाफेचा त्रास घरी. इथल्या पुष्कळ घरांसारखं आमचं गॅरेज घराला चिकटलेलं आहे. एक दार सरळ स्वयंपाकघराजवळ उघडतं आणि गॅरेजच्या डोक्यावर पाहुण्यांची खोली. रविवारी संध्याकाळी गाडी आत लावली की अर्ध्या तासात घरभर पेट्रोलचा वास. त्या उन्हाळ्यात आई आली होती आणि तीच खोली तिला दिलेली. रात्री अकराला ती जिना उतरून खाली आली, "अरे, शेगडी चालू राहिली का बघ, गॅसचा वास येतोय." सगळी बटणं तिने स्वतः तपासली. गाडीचा वास आहे म्हटल्यावर तिला ते पटलं नाही. तिच्या मते बंद गाडीला वास येतच नाही, आणि येत असेल तर ती बिघडलेली आहे. हिचं म्हणणं याहून थोडक्यात होतं: गाडी राहील किंवा वास राहील.

विनोद बाजूला ठेवू. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, दाराखालच्या फटीतून जाते, उतार मिळाला की उतरते. आमच्या तळघरात भट्टी आहे आणि पाणी तापवायची टाकी, दोन्ही गॅसवर, दोन्हींत ज्योत. इथल्या नियमांत गॅरेजमधल्या वॉटर हीटरची ज्योत जमिनीपासून अठरा इंच वर असावी असं जे सांगतात ते याच कारणासाठी. वास म्हणजे नुसती गैरसोय नव्हे, हे एकदा डोक्यात बसलं की निघत नाही.

इलाज केले. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा फिनॉलिकचा जाड स्पेसर घातला. इनटेकची गॅस्केट बदलून एक्झॉस्टची ती आडवी वाट बुजवली. पेट्रोलची नळी इंजिनपासून लांबून फिरवली. बोटींसाठी मिळतं ते इथेनॉल नसलेलं पेट्रोल भरलं, गॅलनमागे जास्त पैसे मोजून. टाकीच्या व्हेंटला वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबाही लावला. नव्या गाड्यांना ती सोय १९७० साली कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून देशभर सक्तीची झाली, माझी त्याआधीची. प्रत्येक उपायाने फरक पडला. मोजमाप म्हणाल तर नाक: आधी वास सकाळपर्यंत असायचा, शेवटी शेवटी जेवणं आटपेपर्यंत. रांगेतलं रडगाणं तर बरंच कमी झालं. पण बाऊलची नळी शर्यतीच्या कार्ब्युरेटरवर उघडी ती उघडीच. दोन आठवडे गाडी उभी राहिली की बाऊल कोरडा ठणठणीत व्हायचा आणि मेकॅनिकल पंपाने तो पुन्हा भरेपर्यंत स्टार्टर फिरवत बसावं लागायचं. ते पेट्रोल गेलं कुठे, याचा विचार मी त्या वेळी करायचो. घरातच गेलेलं असायचं, दुसरं कुठे जाणार?

इथे एक रास्त आक्षेप येतो, आणि तो घेणारे बरेच भेटतात. मग ३५० वरच कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी इंजेक्शन का नाही बसवलं? चार बोल्ट, एक ऑक्सिजन सेन्सर, स्वतःच शिकणारा छोटा संगणक. वास गेला असता, ३५० राहिलं असतं. खरं आहे, आणि तुमचं ३५० ठणठणीत असेल तर हाच मधला मार्ग सर्वांत शहाणपणाचा ठरेल. मीही कागदावर हिशेब मांडला होता. इंजेक्शनला दाबाखालचं पेट्रोल लागतं. म्हणजे टाकीतच बुडालेला पंप हवा, नाहीतर बाहेर लावलेला पंप किरकिरतो आणि उन्हात तापून पुन्हा तेच दुखणं. म्हणजे नवी टाकी. परतीची नळी. स्वच्छ वायरिंग, चांगली अर्थिंग, रिले. डिस्ट्रिब्युटरच्या ठिणगीचा गोंगाट संगणकापर्यंत पोचू नये म्हणून तारा जपून न्यायच्या. एवढं सगळं झालं की ५.३ बसवण्याचं अर्धं काम झालेलंच असतं. आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी माझ्यापुढे होतं धूर टाकणारं ३५०, ज्याला बोअरिंग, पिस्टन, कॅम, सगळंच करावं लागणार होतं. मशीन शॉपचं बिल आणि भंगारातल्या इंजिनाची किंमत शेजारी शेजारी लिहिल्यावर पुढचं ठरवायला वेळ लागला नाही.

५.३ सोपं आहे असं मात्र कुणी सांगितलं तर त्याने ते स्वतः बसवलेलं नाही असं समजा. इंजिन, संगणक, हार्नेस (तारांचा जुडगा), गिअरबॉक्स मिळून स्वस्तात येतं, तिथवर गोष्ट खरी. मग यादी सुरू होते. ट्रकचं ऑइल पॅन खोल, ते नोव्हाच्या क्रॉसमेंबरवर बसतं, म्हणून पॅन वेगळं. एसीचा कॉम्प्रेसर खाली असतो तो सबफ्रेमला लागतो. ट्रकचा इनटेक उंच, सपाट बॉनेटला टेकू शकतो. आधी मोजा, मग मागवा. माउंटच्या पट्ट्या, हेडर्स, टाकी. जुनं टीएच३५० हे तीन गिअरचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ठेवणार असाल तर एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: या इंजिनाचा क्रँक मागच्या बाजूला जुन्यापेक्षा ०.४ इंच आखूड आहे, स्पेसरशिवाय टॉर्क कन्व्हर्टर नीट बसत नाही. आणि मग वायरिंग. ट्रकच्या हार्नेसमध्ये निम्म्या तारा आपल्याला नको असलेल्या गोष्टींसाठी. एकेक तार शोधून काढत बसलो तर पूर्ण हिवाळा जातो; तयार हार्नेस घेतला तर खिसा जातो. संगणकातली चोरीविरोधी कुलूपव्यवस्था सॉफ्टवेअरने काढावी लागते, नाहीतर इंजिन क्षणभर चालून बंद. माझी गाडी सुरुवातीला अधूनमधून, कसलंही निमित्त नसताना, गचके द्यायची. हेडच्या मागच्या अर्थिंगचा एक बोल्ट रंगावरच आवळला गेला होता. तो सापडेपर्यंत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो त्या संध्याकाळी मला ३५० ची फार आठवण आली.

शेवटची बेरीज मी घरी सांगितलेली नाही, इथेही सांगत नाही. इंजिनाचा आकडा त्या यादीत अगदी तळाशी आहे, एवढं म्हणतो.

आता रोजचं सांगतो. किल्ली फिरवली की पंप दोन सेकंद गुणगुणतो आणि इंजिन सुरू, मार्चमधल्या थंडीतही आणि नॉरवॉकच्या ट्रॅकवर रांगेत उन्हात उभं राहूनही. पेट्रोल टाकीपासून इंजेक्टरपर्यंत बंद नळीत, ५८ पीएसआय दाबाखाली असतं. त्या दाबाला ते सहजी उकळत नाही, आणि उकळलं तरी बाहेर यायला वाट नाही. टाकीची वाफ कोळशाच्या डब्यात, आणि डबा इंजिन चालू असताना रिकामा होतो. दुसरा फायदा मी धरलाच नव्हता, तो हायवेवर मिळाला. टीएच३५० आणि ३.७३ चा मागचा गिअर यांच्यावर ताशी सत्तर मैलांना इंजिन मिनिटाला साधारण ३,४०० फेऱ्यांवर फिरायचं, आतल्या माणसांना ओरडून बोलावं लागायचं. ट्रकच्याच ४एल६०ई गिअरबॉक्सच्या ओव्हरड्राइव्हमध्ये तेच २,३५० च्या आसपास येतं. या गिअरबॉक्सचा तिसऱ्या-चौथ्याचा क्लच नाजूक आहे हे सर्वांना ठाऊक आहे, ताकद वाढवलीत तर तो आधी मजबूत करून घ्यावा. पण ओहायोतल्या नॉरवॉकच्या ट्रॅकपर्यंतचे शंभराहून अधिक मैल ट्रेलरशिवाय जायचे, तीन-चार फेऱ्या मारायच्या, तिथलं ते डॉलरला पौंडभर म्हणून प्रसिद्ध असलेलं आइस्क्रीम खायचं आणि त्याच गाडीने गप्पा मारत परत यायचं, हे आता जमतं. २००५ पासून हॉट रॉड मासिकाच्या ड्रॅग वीकमध्ये लोक हेच आठवडाभर, रोज वेगळ्या ट्रॅकवर, शेकडो मैलांचं मधलं अंतर त्याच गाडीने कापत करतात. माझा तेवढा जीव नाही, पण त्यांना काय आवडतं ते कळायला लागलं आहे.

आवाज? तो गेला थोडा. कार्ब्युरेटरची मागची दोन बॅरल उघडताना जी हाक यायची ती ५.३ ला नाही. त्याच्यावर तोड म्हणून काही जण ५.३ वर कार्ब्युरेटरचा इनटेक बसवतात, ठिणगीसाठी वेगळा डबा लावून. दिसतंही छान. पण मी ज्या वाटीभर पेट्रोलासाठी एवढा खटाटोप केला ते पुन्हा बॉनेटखाली आणून ठेवण्यात मला रस नव्हता.

तेव्हा असं आहे. गाडी ट्रेलरवरून ट्रॅकला जाणार असेल, गॅरेज घरापासून सुटं असेल, ब्रॅकेट शर्यत हाच मुख्य उद्योग असेल, आणि जेट बदलत बसण्यात तुमची संध्याकाळ चांगली जात असेल, तर ३५० बांधा. कदाचित माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त फेऱ्या जिंकाल. ३५० चांगल्या स्थितीत असून फक्त वास आणि गरम असतानाची कुरकुर नको असेल, तर थ्रॉटल बॉडी. पण गाडी घरालगतच्या गॅरेजमध्ये राहणार असेल, तिने स्वतःच्या चाकांवर लांब जावं असं वाटत असेल आणि इंजिन तसंही उघडावंच लागणार असेल, तर त्या पैशात मी तरी ३५० ला हात लावणार नाही.

५.३ घ्यायला जाल तेव्हा व्हीआयएनचा आठवा अक्षरांक बघा. तिथे टी असेल तर ते लोखंडी ब्लॉकचं नेहमीचं एलएम७. १९९९ ते २००६ च्या ट्रकांतलंच बघा, २००७ पासूनच्या बऱ्याच ५.३ मध्ये चार सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा असते आणि ती काढायला वेगळा खर्च. २००३ च्या आसपासपासून थ्रॉटल तारेऐवजी विजेवर चालतो, तेव्हा पॅडल आणि त्याचं मॉड्यूलही त्याच गाडीतून उचला, दुसऱ्या वर्षाचं जुळेलच असं नाही. हार्नेस कात्रीने कापू देऊ नका. भंगार यार्डातली पोरं घाईत असतात, उभं राहून एकेक कनेक्टर सोडवून घ्या. पेट्रोलच्या दाबासाठी १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर मागा. ५८ पीएसआयचा रेग्युलेटर त्यातच असतो आणि टाकीकडे परतणाऱ्या नळीचं तोंडही, त्यामुळे परतीची नळी पुढे इंजिनपर्यंत न्यावी लागत नाही. आणि नवी टाकी निवडताना तिला वाफेसाठी वेगळं तोंड आहे ना, ते दुकानातच बघून घ्या. काही टाक्यांवर ते नसतं, आणि मग कोळशाचा डबा लावायचा कुठे हा प्रश्न टाकी गाडीखाली चढवून झाल्यावर पडतो.